ग्रामसभेत "बांगलादेशी शोधा" असा ठराव घेता येते का? ग्रामपंचायतीले तेवढा अधिकार आहे का?

पराटीवाली_कारंजा

नमस्कार राजेहो. मी आमच्या गावच्या ग्रामपंचायतीत सदस्य आहे, महिला राखीव जागेवर निवडून आली पण सही मीच करते अन् मीटिंगले बी मीच बसते, म्हणून उत्तर मलेच द्या, "घरच्या साहेबांले विचारा" म्हणू नका.

तर झालं असं. आमच्या शिवारात नाल्याच्या पल्याड एक वीटभट्टी आहे. दरसाल तिथं मेळघाटातले नाहीतर छत्तीसगडचे मजूर येते, कोणी काही म्हणत नाही. यंदा भट्टीवाल्यानं गावातल्या घरकुलाचे सेंट्रिंगचे कामं बी घेतले अन् त्याच्यासाठी आठ-नऊ पोरं आणले, ते आपसात बंगाली बोलते. कामाले चोख आहे, किराणा नगदी नेते, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण गावच्या ग्रुपवर कोणीतरी टाकून देल्लं की गावात बांगलादेशी घुसले, अन् तिथून जे सुरू झालं ते थांबूनच नाही रायलं.

आता येत्या ग्रामसभेत पोट्ट्यायले ठराव पायजे, की ग्रामपंचायतीनं बाहेरून आलेल्या सगळ्यायचे आधार कार्ड जमा करावे, तपासावे, अन् जो बांगलादेशी निघंन त्याले गावाबाहेर काढावं. सरपंच भाऊ म्हणते घेऊन टाका ना, आपल्या बाचं काय जाते. आमचे ग्रामसेवक (आता त्यायचं नाव ग्रामपंचायत अधिकारी झालं म्हणे, काम तेच हाय) म्हणते मी प्रोसिडिंगवर लिहून घेतो पण सूचक-अनुमोदक तुमच्यातला पायजे. सूचक म्हणून माह्यं नाव टाकून रायले, म्हणून झोप उडाली.

दुसरं म्हणजे माह्या नणंदेचा पोरगा डॅलसले आहे, त्याले फोनवर सांगतलं तर तो म्हणे मामी, इकडं तर काही शहरं सरकारले सरळ सांगते की तुमचे परदेशी तुम्हीच शोधा, आमचे पोलीस हे काम करणार नाही. मले हे समजूनच नाही रायलं. तिकडची नगरपालिका केंद्राले नाही म्हणू शकते तं आपली ग्रामपंचायत काय काय करू शकते? होय म्हणू शकते का? नाही म्हणू शकते का? कोणाले नीट माहीत असंन त्यानंच सांगा, व्हॉट्सॲपचं फॉरवर्ड नको.

बोंडअळी_७७

घ्या ताई ठराव बिनधास्त. आमच्या गावानं दारूबंदीचा घेतला होता, ठराव फ्रेम करून कार्यालयात लावला, त्याच भिंतीच्या मागं देशी भेटते.

खामगावचा_काळा_कोट

वरच्याचं सोडा. ताई, सूचक म्हणून नाव देऊ नका, आधी हे वाचा, थोडं लांब होईल.

ठराव लिहायला कोणी अडवत नाही, वही तुमची पेन तुमचा. पण अंमल करायला गेलात की फसाल. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राची जी यादी आहे त्यात नोंद १७ म्हणजे नागरिकत्व आणि परदेशी माणसं, नोंद १९ म्हणजे देशात येणं, देशातून काढणं, पासपोर्ट, व्हिसा. म्हणजे हा विषय राज्याचाही नाही, मग जिल्हा परिषद आणि ग्रामपंचायत तर फारच लांब. आता तुम्ही म्हणाल मग आपले पोलीस कसे पकडतात? तर केंद्रानं १९५८ सालीच घटनेच्या कलम २५८ खाली हे काम राज्य सरकारांकडे सोपवलेलं आहे, आणि जिल्ह्यात एसपी साहेब हेच परदेशी नागरिकांचे नोंदणी अधिकारी असतात. दिल्लीवरून निघालेला अधिकार एसपी ऑफिस आणि तिथून ठाण्यापर्यंत येतो, आणि तिथंच थांबतो. ग्रामपंचायतीच्या पायरीपर्यंत तो येतच नाही.

१ सप्टेंबर २०२५ पासून नवीन कायदा लागू झालाय, इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा २०२५. जुने चार कायदे, त्यातला एक तर १९२० चा होता, सगळे त्यात गेले. बिना पासपोर्ट-व्हिसा घुसलेल्याला पाच वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परदेशी माणसाला मुक्कामाला ठेवलं तर ठेवणाऱ्यानं कळवायचं असतं, म्हणजे जबाबदारी आलीच तर भट्टीवाल्यावर येईल, सदस्यांवर नाही.

आणि हे आधार जमा करायचं डोक्यातून काढाच. आधार कायद्यातच, कलम ९, स्पष्ट लिहिलंय की आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही. देशात ठराविक दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही आधार मिळू शकतं. म्हणजे तुमच्या पोट्ट्यांनी आठ कार्ड जमा करून टेबलावर मांडले तरी त्यातून काय कळणार? फोटो कसा आला एवढंच. नागरिकत्व ठरतं जन्म कधीचा आणि आईबाप कोण यावर. १ जुलै १९८७ च्या आधी भारतात जन्मला असेल तर जन्मच पुरेसा, त्यानंतर आईबापापैकी एक भारतीय पाहिजे, ३ डिसेंबर २००४ पासून तर एक भारतीय असून दुसरा बेकायदा घुसलेला नसला पाहिजे. एवढं सगळं नाल्याच्या पल्याड उभं राहून कोण तपासणार आहे? त्यात वरून कायद्यात पुराव्याचं ओझं उलटं आहे, मी परदेशी नाही हे त्या माणसानं सिद्ध करायचं असतं, जुन्या कायद्यातही तसंच होतं. म्हणून चुकीच्या माणसाकडं बोट गेलं की तो गरीब पार पिसला जातो.

जून २०२५ चं आठवा. मुंबईकडं मीरा रोड भागातून बंगालचे मजूर बांगलादेशी म्हणून उचलले, थेट सीमेपार ढकलले, आणि मग बंगाल सरकारनं कागद दाखवल्यावर परत आणावे लागले. बहुतेक मुर्शिदाबादचे, म्हणजे आपल्याच देशातले. पोलिसांकडून हे होऊ शकतं तर ग्रामसभेकडून काय होईल ते तुम्हीच पाहा. पोट्ट्यांनी कोणाला अडवलं, खोलीत बसवून ठेवलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ आणि १२७ त्यांच्यावरच लागेल, आणि ठरावावर सूचक म्हणून तुमचं नाव असेल.

जय_विदर्भ_४२

वकील साहेब सगळं कायद्याचं सांगतले, पण मग आम्ही काय पाहत बसाव का? उद्या काही झालं तर म्हणतीन गावाले माहीत होतं अन् गाव चूप बसलं. घुसलेले आहेत हे खोटं आहे का? पकडले जात नाही का दर महिन्याले?

खामगावचा_काळा_कोट

खोटं आहे असं मी कुठं म्हटलं भाऊ. संशय आला तर पोलीस पाटलाला सांगा, त्याचं कामच आहे ठाण्याला खबर देणं. ठाणेदार त्या मुलांची नावं, गाव, ठाणं लिहून त्यांच्या जिल्ह्याला पडताळणीला पाठवतील. केंद्राच्या गृहखात्यानं मे २०२५ मध्ये त्याला तीस दिवसांची मुदतही घालून दिली होती. चूप बसू नका, पण आपण तपासणारे नाही, कळवणारे आहोत. आणि आपल्याच देशातला मजूर असेल तर घटनेच्या कलम १९ नं त्याला कारंज्यात काय अन् कन्याकुमारीत काय, राहायचा आणि कमवायचा हक्क आहे, तो ठराव करून काढता येत नाही.

रिटायर_ग्रामसेवक

३१ वर्षं हीच नोकरी केली, वाशीम-अकोला-यवतमाळ, आता पेन्शन आणि गुडघेदुखी. वकील साहेबांचं सगळं बरोबर, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली नाही कारण वकिलांना ती दिसत नाही. नागरिक कोण हे ग्रामपंचायत ठरवत नाही हे खरं, पण ज्या कागदावरून वरचे लोक ठरवतात तो कागद आपल्याच कपाटातून निघते. गावातल्या जन्म-मृत्यूचा निबंधक म्हणजे ग्रामसेवक. २१ दिवसात जन्माची खबर आली तर फुकट नोंद, त्यानंतर लेट फी, आणि वर्ष उलटलं तर आम्ही हात लावू शकत नाही, वरून आदेश लागते.

हा आदेश पहिले प्रथम वर्ग न्यायदंडाधिकारी देत, म्हणजे कोर्टात जा, वकील लावा. २०२३ मध्ये १९६९ च्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ते काम महसूलकडं आलं. लोकांना बरं झालं, सोपं झालं. पण सोपं झालं की दलाल येतेच, ते तहसीलच्या झाडाखाली बसलेलेच असते. मग भाजपच्या किरीट सोमय्यांनी आरोप केले की उशिराच्या जन्म दाखल्यावर बांगलादेशी अन् रोहिंगे घुसवले, मालेगावचं नाव आलं, आपल्या अकोला-अमरावतीचंही आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये राज्यानं एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, बसवली, उशिराचे दाखले देणं थांबवलं, पुढं नायब तहसीलदारांनी दिलेले दाखले परत तपासायचे, रद्द करायचे आदेश निघाले.

कोण किती घुसले ते एसआयटीलाच माहीत. मी माझ्या घरातलं सांगतो. माझे साडभाऊ, वय ६८, जन्म घरातच, शेतात कापूस वेचता वेचता आईला कळा आल्या असं सांगत. शाळेत गेलेच नाही. तीर्थयात्रेला नाही, पोराकडं दुबईला जायचं म्हणून पासपोर्ट पाहिजे होता. दाखल्याचा अर्ज टाकला आणि तेवढ्यात बंद झालं. दीड वर्ष तो माणूस शपथपत्र घेऊन फिरून रायला, एक बाबू म्हणे शाळेचा दाखला आणा, दुसरा म्हणे लस टोचल्याचा आणा. ६८ वर्षाच्या माणसाला! शेवटी त्यांच्या जन्मगावच्या कोतवाल बुकाची, म्हणजे जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल काढली, त्यात मोडीत नाही, सरळ बाळबोधात लिहिलेलं होतं, बापाचं नाव अन् "मुलगा". पोराचं नाव नाही, कारण तेव्हा बारसंच नव्हतं झालं. आता "मुलगा" म्हणजे हाच मुलगा कशावरून, हा पुढचा प्रश्न.

म्हणून मी म्हणतो कागदाची थट्टा करू नका. आसाममध्ये एनआरसी, म्हणजे नागरिकांची नोंदवही, झाली तेव्हा लाखो बायकांकडं एकच कागद होता, ग्रामपंचायत सचिवाचा दाखला, की ही बाई अमक्याची लेक, लग्न होऊन तमक्या गावी गेली. न शाळा न जन्म दाखला, आपल्याकडं जशा जुन्या बायका तशाच. गुवाहाटी हायकोर्टानं २०१७ मध्ये तो दाखला बिनकामाचा ठरवला, आणि त्याच वर्षी ५ डिसेंबरला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नाही, चालते. मात्र तो नागरिकत्वाचा पुरावा नाही, फक्त माहेर आणि सासर जोडणारा दुवा आहे, आणि आतला मजकूर खरा की खोटा हे तपासून घ्या. ३१ ऑगस्ट २०१९ ला शेवटची यादी लागली तेव्हा १९ लाखाच्या वर लोक बाहेर राहिले. तिथल्या एखाद्या सचिवानं कंटाळून चुकीचं आडनाव लिहिलं असेल तर त्याची किंमत काय झाली असेल ते मला विचारा, मी पण कंटाळून लिहिलेलं आहे कधी कधी.

ताई, तुम्हाला काम करायचंच असेल तर ग्रामपंचायतीत जन्म रजिस्टर पाहायला मागा. रिकाम्या ओळी सोडल्या आहेत का पाहा. ओळ रिकामी सोडणं म्हणजे चोराला चावी देणं. आणि सहजच विचारतो, त्या वीटभट्टीची ग्रामपंचायतीची नाहरकत कोणत्या सालची आहे?

झाडीपट्टीचा_दादूस

मी गडचिरोलीचा. हा धागा वाचून राहवलं नाही.

तुम्हा पश्चिम विदर्भवाल्यांना कोणी बंगाली बोललं की बांगलादेश आठवते. आमच्याकडं चामोर्शी, मुलचेरा तालुक्यात या, गावंच्या गावं बंगाली आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना सरकारनंच इथं आणून बसवलं, साठच्या दशकात, जंगल तोडून जमीन दिली. बंगाली माध्यमाच्या शाळा होत्या. आता तिसरी पिढी आहे, पोरं मराठी माझ्यापेक्षा शुद्ध बोलतात, घरात बंगाली, धानाचं पीक, तळ्यात मासे. माझ्यासोबत आयटीआयला एक होता मुलचेऱ्याचा. त्याला कामावर पुण्यात विचारलं कुठला, तो म्हणाला गडचिरोली, समोरचा म्हणे मग बंगाली कसं येते, खरं सांग. त्यानं वैतागून आजोबाचा निर्वासित म्हणून मिळालेला जमिनीचा कागद मोबाईलमध्ये ठेवलाय, फोटो काढून. मराठी माणसाला महाराष्ट्रात आजोबाचा कागद दाखवावा लागते.

आणि खरोखर परदेशी म्हणून नोंद असलेली माणसं पाहायची असतील तर ते पण आपल्या विदर्भात आहेत, गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात, गोठणगावजवळ तिबेटी वसाहत, नोर्ग्येलिंग नाव. १९७२ पासून. हिवाळ्यात तुम्ही ज्यांच्याकडून स्वेटर घेता ना, त्यातले कितीतरी तिथले. त्यांच्याकडं नोंदणीचं पुस्तक असते, ते मुदत संपली की पोलीस खात्याकडून नवं करून घेतात. पन्नास वर्षं झाली, शेजारच्या गावच्या ग्रामसभेनं कधी त्यांची पुस्तकं तपासली नाहीत, गरजच पडली नाही.

जय_विदर्भ_४२

तिबेटीयचं वेगळं आहे ना भाऊ, ते सांगून आले. लपून येणाऱ्यायचं बोलून रायलो.

झाडीपट्टीचा_दादूस

हो वेगळं आहे. पण नाल्याच्या पल्याडचे पोरं कोणत्या खात्यातले हे तुम्हाला कुठं माहीत आहे?

टेक्सासचा_वऱ्हाडी

ताईंचा दुसरा प्रश्न राहिलाच. मी मूळ मूर्तिजापूरकडचा, इकडं अकरा वर्षं झाली, ग्रीन कार्डच्या रांगेत म्हातारा होईन बहुतेक. तुमचा भाचा बरोबर सांगतो पण अर्धं.

इकडंही इमिग्रेशन केंद्राचंच काम. पण इकडची राज्यं आणि केंद्र यांचं नातं आपल्यासारखं नाही, केंद्र राज्याच्या किंवा गावच्या पोलिसाला हुकूम देऊन आपलं काम करवून घेऊ शकत नाही. हे सुप्रीम कोर्टानं १९९७ मध्ये सांगितलं, आणि गंमत म्हणजे तो खटला परदेशी लोकांचा नव्हताच, बंदूक विकताना गिऱ्हाइकाची चौकशी गावच्या शेरीफनं करावी का, याचा होता. शेरीफ म्हणजे इकडचा जिल्ह्याचा ठाणेदारच समजा, फक्त तो निवडणुकीत निवडून येतो, त्यामुळं त्याला मतदार सांभाळावे लागतात, तुमच्या सरपंचासारखेच. लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी तर १९७९ मध्येच आदेश काढला की नुसतं कागद पाहायला म्हणून कोणाला थांबवायचं नाही. कारण साधं, लोक घाबरले की चोरीची तक्रार द्यायला पण येत नाहीत, साक्षीदार मिळत नाही.

जेलमध्ये कोणी सापडला आणि तो सुटायचा असला तर केंद्राची एजन्सी, आइस म्हणतात तिला, ती जेलला चिठ्ठी पाठवते की याला ४८ तासापर्यंत आणखी धरून ठेवा, आम्ही घ्यायला येतो. काही काउंट्या, म्हणजे इकडचे जिल्हे, ठेवतात, काही म्हणतात चिठ्ठी म्हणजे विनंती आहे, जजची सही आणा. हेच ते नाही म्हणणं. रस्त्यावर कोणाला लपवून ठेवतात असं नाही, आइसचे लोक त्या शहरात येऊन पकडू शकतातच, आणि पकडतातही.

उलटी बाजू पण आहे. १९९६ च्या कायद्यात एक कलम आहे, २८७ जी, त्यात गावच्या पोलिसांना केंद्र ट्रेनिंग देऊन आपलं थोडं काम करायला लावते, पण करार करून, राजीखुशीनं. ट्रम्प जानेवारी २०२५ मध्ये परत आले तेव्हा असे करार दीडशेच्या आत होते, वर्ष संपेपर्यंत हजाराच्या वर गेले. आणि आमच्या टेक्सासनं तर त्याच वर्षी कायदा करून जेल चालवणाऱ्या शेरीफना हा करार करणंच भाग पाडलं, म्हणजे केंद्र जबरदस्ती करू शकत नाही पण राज्य करू शकते. तुमच्या भाच्याला सांगा तू डॅलसमध्ये राहून कॅलिफोर्नियाच्या गोष्टी सांगून रायला.

तुमच्या ठरावासारखा प्रकार पण इकडं होऊन गेला. ॲरिझोना राज्यानं २०१० मध्ये स्वतःचाच कायदा केला की आम्हीच परदेशी पकडू, बिनाकागदाचं राहणं हा आमच्या राज्याचाही गुन्हा. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यातली तीन कलमं उडवली, म्हणे हे केंद्राचं काम आहे. एक ठेवलं, की पोलिसानं दुसऱ्या कारणासाठी थांबवलं आणि वाजवी संशय असला तर कागदाची चौकशी करू शकतो. त्या एका कलमापायी तिकडं सावळ्या रंगाचा माणूस लायसन घरी विसरायला घाबरते. मी पण. ऑफिसच्या कामानं तिकडं गेलो होतो तेव्हा पासपोर्ट, व्हिसाचे कागद, सगळं बॅगेत, सोलापुरी चादरीसारखं घडी करून.

५ फेब्रुवारी २०२५ ला अमृतसरला लष्करी विमानातून १०४ भारतीय उतरवले, हातापायात बेड्या, त्यात महाराष्ट्रातलेही होते. तेव्हा गावच्या ग्रुपवर सगळे हळहळले. त्याच ग्रुपवर आता हे "बांगलादेशी शोधा" चालू आहे, म्हणून लिहिलं.

बोंडअळी_७७

भाऊ टेक्सासात कापूस लय होते म्हणे, भाव काय आहे तिकडं?

टेक्सासचा_वऱ्हाडी

ते वेगळा धागा काढून विचारा, रडायला येईल.

पराटीवाली_कारंजा

सगळ्यायचे आभार. ग्रामसभा झाली, सांगतो म्हणून बोलली होती काहींले.

आधी मी अन् पोलीस पाटील भट्टीवर गेलो. पोरं घाबरून उभेच रायले, मी म्हटलं बसा बाप्पा, मी काही ठाणेदार नाही. भट्टीवाल्याले सांगतलं की तुह्या मजुरायची यादी फोटोसकट ठाण्यात तूच दे, ग्रामपंचायत देणार नाही. थो कुरकुरला, मग वकील साहेबांनी लिहिलेलं ठेवणाऱ्याच्या जबाबदारीचं वाचून दाखवलं तं दुसऱ्या दिवशी गेला. सहा जण मुर्शिदाबादचे, दोन मालदाचे, दोन्ही बंगालातलेच जिल्हे, असं त्यायनं लिहून देल्लं. ठाण्यातून पडताळणीले गेलं, अजून उत्तर यायचं आहे.

ग्रामसभेत पोट्टे तयारीनंच आले होते. सूचक म्हणून मी नाव देत नाही म्हटलं तं सरपंच भाऊ म्हणे मग मी देतो, अन् मग ग्रामसेवकानं प्रश्न विचारला की ठराव अंमलात आणाले ग्रामपंचायतीकडं कोणतं कलम आहे, तं सगळे एकमेकाकडं पाहत बसले. शेवटी ठराव एवढाच झाला की बाहेरून मजूर आणणाऱ्या मालकानं यादी ठाण्यात द्यावी. दोन पोट्टे उठून गेले, अजून माह्याशी बोलत नाही, त्यातला एक माह्या चुलत दिराचा आहे.

जन्म रजिस्टर बी पाह्यलं. पाच ओळी रिकाम्या होत्या, २०१९ च्या. लाल पेनानं आडव्या रेघा मारून घेतल्या, माह्यासमोर.

अन् रिटायर ग्रामसेवक काका, तुम्ही नाहरकतीचं विचारलं होतं ना. २०१६ ची आहे, एकाच वर्षाची. त्याच्यानंतर ना नूतनीकरण ना कर. आता भट्टीवाला रोज घरी चकरा मारून रायला, अन् सरपंच भाऊ म्हणते हे कायले उकरलं.